गुलाबी कीं निळा?

जन्माला येणारें मूल मुलगा कीं मुलगी, हें जाहीर करण्यासाठीं अमेरिकेंत अलीकडे एक खास मेजवानी होत असते. सोनोग्राफीनें कळलेली गोष्ट केकच्या पोटांत दडवितात. तो कापल्यावर आंतून गुलाबी रंग निघाला तर मुलगी, निळा निघाला तर मुलगा. पाहुणे आपापल्या अंदाजाप्रमाणें गुलाबी किंवा निळा पोशाख करून येतात. होणारे आईबाप पुष्कळदां पांढरे कपडे घालून दोन्ही पक्षांपासून अलिप्त राहतात. २००८ सालीं एका लेखिकेनें आपल्या घरच्या समारंभाची हकीगत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ही चाल फैलावली. रंगांचा हा संकेत मात्र फार पुरातन असावा, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील तान्ह्या मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, बहुधा पांढरा झगाच घालीत. कारण अगदीं साधें होतें. पांढरें सुती कापड उकळून शुभ्र करतां येई. रंगीत कापडाला अशी धुलाई सोसत नसे. पुढें अध्यक्षपदीं चढलेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचें १८८४ सालचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. अडीच वर्षांच्या या मुलाच्या अंगांत पांढरा झगा असून केस खांद्यापर्यंत रुळत आहेत. त्या काळीं त्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं.

पुढें रंग आले, पण त्यांचा अर्थ ठरलेला नव्हता. १९१८ सालीं कपड्यांच्या व्यापाराला वाहिलेल्या एका मासिकानें गुलाबी मुलग्यांचा व निळा मुलींचा, असा निर्वाळा दिला. गुलाबी रंग ठसठशीत म्हणून तो मुलग्यास शोभतो; निळा नाजूक म्हणून तो मुलीस, अशी त्याची उपपत्ति होती! १९२७ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकानें मोठमोठ्या दुकानांचा कौल घेतला. बोस्टनच्या फाइलीन व शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानांनीं मुलग्यांना गुलाबी रंग दिला. इतर कित्येकांनीं नेमका उलट. दुसऱ्या महायुद्धानंतरच आजचा संकेत स्थिरावला. गर्भावस्थेंतच लिंग कळूं लागल्यावर १९८० नंतर त्यानें अधिकच जोर धरला. थोरल्या बहिणीचे गुलाबी कपडे धाकट्या भावास चालेनासे झाले, आणि व्यापाऱ्याची विक्री वाढली.

हिंदुस्थानांत ही मेजवानी होऊंच शकत नाहीं. गर्भलिंगचाचणीविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत पहिला कायदा केला व १९९४ सालीं मध्यवर्ती कायदा झाला. गर्भाचें लिंग सांगणें येथें गुन्हा आहे. कारण तें कळलें म्हणजे मुलीचा जन्मच टाळला जाई. तेथें जी गोष्ट कौतुकाची, ती येथें जिवावरची ठरली.

अमेरिकेंतहि सारें कौतुकच राहिलें नाहीं. २०२० सालीं कॅलिफोर्नियांत अशाच समारंभांतील रंगीत धुराच्या दारूकामानें रानांत वणवा पेटला व तो विझवितांना एका जवानाचा बळी गेला. चाल पाडणाऱ्या लेखिकेनें तर २०१९ सालींच पश्चात्ताप व्यक्त केला होता. जिच्यासाठीं तो गुलाबी केक कापला, ती मुलगी तोंवर सूट घालूं लागली होती. पोशाखाचा रंग दुकान ठरवूं शकतें. मुलाचा स्वभाव ठरविणें त्याच्या हातीं नाहीं. मेजवानींतल्या आईबापांचे ते पांढरे कपडेच जुन्या रीतीला अधिक धरून आहेत, असें म्हणावें लागतें.