पत्ता कायमचा, पत्ता उसना

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या कवीची, दळणवळण खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या यवतलाही सहा आकडी ओळख मिळाली. घर भाड्याचं असो की मालकीचं, त्या आकड्यांवर पत्र येतं.

ईमेलमध्ये असं का नाही, हे मला सुट्टीत कळलं. घरातली उर्दू-मराठी पत्रं दुसऱ्याच्या मर्जीवर नसावीत म्हणून जुन्या संगणकावर मी मेल सर्व्हर बसवला. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. आतल्या कार्डाला १९२.१६८ने सुरू होणारा कायमचा पत्ता मीच दिला. बाहेरच्याला कंपनी देईल तो पत्ता, आणि तो कधीही बदलतो.

१९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले, तेव्हा जोडलेलं कुठलंही यंत्र दुसऱ्याला थेट पत्र देऊ शकत होतं. पण ३२ बिटांत पत्ते मावतात जेमतेम ४३० कोटी. टंचाई दिसू लागली तसे उपाय निघाले. १९९३मध्ये डीएचसीपी आलं, म्हणजे मुदतीपुरता उसना पत्ता. १९९४मध्ये नॅट, म्हणजे एका पत्त्याआड अनेक यंत्रं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, तोवर ही वाटणी सुरू झाली होती. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले.

पत्र घेणं अजून जमतं. डायनॅमिक डीएनएस नावाला नवा पत्ता जोडत राहतं. वीज गेली तरी पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अडतं ते पाठवताना. स्पॅमच्या भीतीने बदलत्या पत्त्यांच्या याद्या झाल्या, आणि अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर पोर्ट २५ बंद ठेवतात. पत्रात काय लिहिलंय हे पाहण्याआधीच, पाठवणारा भाडेकरू आहे म्हणून ते परत येतं.

शेवटी मी कायम पत्त्याचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. माझी पत्रं आता त्याच्यामार्फत जातात, साठा मात्र यवतच्या घरातच राहतो. आयपीव्ही६ने पत्त्यांची टंचाई संपवली, तरी घरच्या यंत्रावर विश्वास ठेवायला मोठे सर्व्हर अजून तयार नाहीत. एका कवीने पत्रासाठी आखलेली सहा आकड्यांची सोय किती उदार होती, हे मला पन्नास वर्षांनंतर समजलं.