अंडपेशींचे प्रतिमामापन (मत्स्यविज्ञान)

माशाच्या अंडाशयाच्या सूक्ष्मदर्शी छायाचित्रांतील अंडपेशी संगणकाने ओळखून, मोजून त्यांची वाढीच्या अवस्थांनुसार वर्गवारी करण्याची पद्धत. मादी किती अंडी घालेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मासेमारीच्या नियोजनातही ही पद्धत उपयोगी पडते. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरील उजनी जलाशयात (यशवंतसागर) कटला, रोहू, मृगल हे मासे आढळतात. त्यांची अंडी पावसाळ्याच्या सुमारास परिपक्व होतात. त्यामुळे अशा जलाशयांत मासेमारीबंदीचा काळ ठरवताना अंडपेशींची अवस्था हा भक्कम पुरावा ठरतो.

अंडाशयाचे सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचे काप करून ते हिमॅटॉक्झिलिन व इओसिनने रंगवतात. प्रमाणित मोजपट्टीच्या छायाचित्रावरून एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर हे आधी ठरवावे लागते. मग सॉफ्टवेअर पेशींच्या कडा शोधते आणि व्यास व क्षेत्रफळ काढते. खरी मेख कापात आहे: काप पेशीच्या टोकाकडून गेला, तर मोठी पेशीही लहान दिसते. म्हणून ज्या पेशींत केंद्रक दिसते त्यांचाच व्यास धरणे योग्य. वर्गीकरणात पीतक साठण्यापूर्वीच्या, पीतक साठवणाऱ्या, जलयुक्त आणि ऱ्हास पावणाऱ्या पेशी वेगळ्या काढतात. ऱ्हास पावणाऱ्या पेशी ओळखताना कडा वेड्यावाकड्या असल्याने सॉफ्टवेअर चुकते. तेथे जाणकाराची नजर अपरिहार्य आहे.

स्पेनमधील संशोधकांचे ‘गोवोसितोस’ हे सॉफ्टवेअर खास याच कामासाठी बनले आहे. सर्वसाधारण मापनासाठी अमेरिकेतील ‘इमेजजे’ विनामूल्य मिळते, आणि मोजक्या साधनांच्या महाविद्यालयीन प्राणिशास्त्र प्रयोगशाळेलाही ते परवडते.