इन्की-डॉलर

गृहसंगणकांवरील बेसिक भाषेत, दाबलेली एकच कळ ‘एंटर’ची वाट न पाहता वाचणारे फलन. काही यंत्रांवर हेच काम ‘गेट’ या आज्ञेने होई. नाव एक असले तरी वागणूक एक असेलच याची खात्री नव्हती. एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्यावर चढवताना अडण्याची ही ठरलेली जागा होती.

बेसिक 1964 साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनी रचली. विद्यार्थी टेलिटाइपवर ओळ लिहीत व ती पुरी झाल्यावरच मोठ्या संगणकाकडे धाडत. भाषेत पुढे आलेली ‘इनपुट’ आज्ञाही त्याच वळणाची: प्रश्नचिन्ह दाखवायचे, थांबायचे, ओळ मिळाली की पुढे जायचे. नाव किंवा व्याजाचा दर विचारायला हे ठीक. पण 1977 पासून घरोघरी आलेल्या यंत्रांवर लोकांना खेळ लिहायचे होते, आणि यान डावीकडे सरकवायला दर वेळी एंटर कोण दाबणार?

पहिला भेद थांबण्याचा. कमोडोर पेट (1977) व कमोडोर 64 (1982) यांवर ‘गेट’ थांबत नसे. कळ दाबलेली नसेल तर रिकामी अक्षरमाला हाती येई. ॲपल टूवरील ॲपलसॉफ्ट बेसिकची ‘गेट’ मात्र कळ मिळेपर्यंत जागची हलत नसे. म्हणून खेळ लिहिणारे तिला बगल देऊन उणे 16384 हा स्मृतिपत्ता ‘पीक’ने वाचत. 127 पेक्षा मोठी संख्या आली म्हणजे कळ दाबली गेली. मग उणे 16368 वर ‘पोक’ करून ती खूण पुसावी लागे, नाहीतर तीच कळ पुन्हा पुन्हा वाचली जाई. टीआरएस-80 च्या लेव्हल टू बेसिकमध्ये मायक्रोसॉफ्टने न थांबणारे इन्की-डॉलर दिले. या साऱ्यांत बीबीसी मायक्रोची (1981) व्यवस्था सर्वांत नेटकी होती. तिथे ‘गेट’ थांबते. ‘इन्की’ कंसात दिलेल्या शतांश सेकंदांपुरतेच थांबते. आणि कंसात ऋण संख्या दिल्यास ठरावीक कळ त्या क्षणी दाबलेली आहे का, एवढेच सांगते. स्पेसबारसाठी ती संख्या उणे 99. भारतातील शाळांमध्ये 1984 पासून राबवलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात हीच यंत्रे होती.

दुसरा भेद लक्षात ठेवण्याचा, आणि खेळ हाताला कसा लागतो ते यावर ठरे. कमोडोर 64 दाबलेल्या दहा कळांपर्यंत रांग राखून ठेवी. प्रोग्रॅम दुसऱ्या कामात गुंतला असताना खेळाडूने घाईत दाबलेल्या कळा नंतर एकामागून एक बाहेर पडत आणि धोका टळून गेल्यावरही यान वळत राही. पत्ता 198 वर शून्य टाकले की रांग रिकामी होई.

झेडएक्स स्पेक्ट्रमचे (1982) इन्की-डॉलर नेमके उलटे. त्याला रांग ठाऊक नाही. या क्षणी बोट कुठे आहे तेवढे ते पाहते. दोन अक्षरे एकदम दाबली तर उत्तर रिकामे. त्यामुळे एकाच कळफलकावर दोघांनी खेळायचा खेळ त्याच्या भरवशावर लिहिता येत नसे. पाच-पाच कळांच्या आठ गटांतला हवा तो गट ‘इन’ने थेट वाचावा लागे. शिवाय खेळ संपताच ‘पुन्हा खेळायचे का?’ असे विचारले, तर आधीच्या चालीत दाबून धरलेली कळच उत्तर ठरे. जाणकार म्हणून दोन फेरे लिहीत: पहिला बोट उचलले जाईपर्यंत, दुसरा नवी कळ येईपर्यंत.

नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारा दोष मात्र यंत्राचा नव्हे. इन्की-डॉलरचा प्रत्येक उल्लेख म्हणजे नवे वाचन. लागोपाठच्या तीन ‘इफ’ ओळींत ते तीनदा लिहिले तर तीन वेगळ्या क्षणांची उत्तरे मिळतात आणि कळ मधल्यामध्ये हरवते. ते एकदाच वाचून चलात ठेवावे आणि पुढे तो चलच तपासावा.

पीसीवरील जीडब्ल्यू-बेसिकमध्ये बाणाच्या कळांना इन्की-डॉलर दोन अक्षरे देते: पहिले शून्य संकेताचे, दुसरे बाणानुसार, वरच्या बाणासाठी ‘एच’. एकच अक्षर तपासणाऱ्या प्रोग्रॅमला या कळा ओळखता येत नाहीत.