‘डिस्कस अबाउट’ का खटकतं? इंग्रजी क्रियापदानंतर ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’ की काहीच नाही?

‘लेट्स डिस्कस अबाउट द बजेट.’ ऑफिसच्या ग्रुपवर असा मेसेज पडला की कुणीतरी हमखास चूक काढतं. त्यावर मीम्सही बनतात. पण हे ‘अबाउट’ येतं कुठून, ते फार कमी जण सांगतात.

मराठीत आपण बजेटबद्दल चर्चा करतो. इंग्रजीतही ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे. त्यामुळे ‘डिस्कस’लाही ‘अबाउट’ चिकटतं. प्रत्यक्षात ‘डिस्कस’ या क्रियापदाला थेट कर्म लागतं: ‘लेट्स डिस्कस द बजेट.’

लग्नाचंही तसंच. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘शी मॅरीड विथ हिम’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत ‘शी मॅरीड हिम’ किंवा ‘शी इज मॅरीड टू हिम’. गंमत म्हणजे ‘मॅरीड विथ टू किड्स’ हे बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ‘विवाहित आणि दोन मुलं असलेला’ असा होतो. मुलांशी लग्न झालं, असा नाही!

एक ‘ला’, अनेक घोळ

सगळ्यात जास्त फसवतो तो आपला ‘ला’ प्रत्यय. मित्राला भेटलो, मित्राला विचारलं, मित्राला मदत केली, मित्राला समजावून सांगितलं. मराठीत सगळीकडे एकच ‘ला’. म्हणून ‘आस्क्ड टू माय फ्रेंड’ किंवा ‘हेल्प्ड टू माय फ्रेंड’ अशी वाक्यं तयार होतात. ‘मीट’, ‘आस्क’, ‘टेल’, ‘हेल्प’ यांना व्यक्तीच्या आधी ‘टू’ लागत नाही.

मग ‘टू’ काढून टाकायचं, एवढाच नियम का? तेही नाही. ‘एक्सप्लेन’ला ते लागतंच. ‘एक्सप्लेन मी द रूल’ हे चूक, ‘एक्सप्लेन द रूल टू मी’ हे बरोबर. ‘से’ला ‘टू’ लागतं, ‘टेल’ला नाही, आणि दोन्हींचा अर्थ जवळपास सारखाच. इथे तर्क फार ताणण्यात अर्थ नाही. क्रियापद आणि त्याची जोडी एकत्रच लक्षात ठेवावी लागते.

उलटा घोळही होतो. मराठीत आपण गाणं ऐकतो आणि बसची वाट पाहतो. इंग्रजीत मात्र ‘लिसन टू अ साँग’ आणि ‘वेट फॉर द बस’. इथे शब्द गाळला की चूक. ‘डिपेंड ऑन’ त्या मानाने सोपं, कारण मराठीतही आपण एखाद्यावर अवलंबून असतो.

अर्थ बदलतो तेव्हा

‘डिस्कस अबाउट’ लिहिलं तरी समोरच्याला कळतं. काही ठिकाणी मात्र एका छोट्या शब्दाने अर्थच फिरतो. ‘रिझल्ट इन’च्या पुढे परिणाम येतो, तर ‘रिझल्ट फ्रॉम’च्या पुढे कारण. अपघाताच्या रिपोर्टमध्ये हे दोन अदलाबदल झाले, तर कशामुळे काय घडलं हेच उलटं होईल. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याला झेलता यावा म्हणून फेकणं, ‘थ्रो द बॉल अ‍ॅट हिम’ म्हणजे त्याला मारायला फेकणं.

कामाच्या ईमेलमध्ये ‘अ‍ॅग्री’ जपून वापरायला हवं. ‘अ‍ॅग्री विथ’ म्हणजे एखाद्याचं म्हणणं पटणं. ‘अ‍ॅग्री टू’ म्हणजे प्रस्ताव किंवा अट मान्य करणं. क्लायंटचा मुद्दा पटला एवढंच सांगायचं असेल, तर ‘अ‍ॅग्री टू’ लिहून होकार देऊन बसू नये.

इंग्रजांचं तरी एकमत आहे का?

नाही. अमेरिकन माणूस ‘राइट मी’ म्हणतो, ब्रिटिश माणूस सहसा ‘राइट टू मी’. अमेरिकेत ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ चालतं, ब्रिटनमध्ये ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ रुळलेलं आहे. ‘डिस्कस अबाउट’ही फक्त आपल्याकडचं नाही, नायजेरिया आणि सिंगापूरच्या इंग्रजीतही ते ऐकू येतं. त्यामुळे कुणाची टर उडवण्यात हशील नाही. परीक्षेत किंवा नोकरीच्या अर्जात मात्र ते चूकच धरलं जाण्याची शक्यता जास्त.

शोधायचं कुठे?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात अनेकदा फक्त अर्थ मिळतो. अशा वेळी लर्नर्स डिक्शनरी उपयोगी पडते. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. अर्थासोबत क्रियापद वाक्यात कसं वापरायचं हेही दाखवणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. आजची ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच, आणि ती ऑनलाइन मोफत पाहता येते. तिथे ‘एक्सप्लेन’ शोधलं की ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’ अशी पूर्ण जोडीच दिसते.

नुसतं गुगल करून मात्र खात्री होत नाही. ‘डिस्कस अबाउट’ टाकलं तरी भरपूर निकाल येतात, कारण तसं लिहिणारेही भरपूर आहेत.