वीस हजारांचा आकडा

कसारा किंवा माळशेज घाटात गाडी कठड्यावर आदळली की शहापूर-मुरबाडचा मालक आधी टोचन शोधतो आणि मग सर्व्हेअरची वाट बघत बसतो. परवानाधारक, त्रयस्थ माणसाने नुकसान मोजावे हा आज हक्कच वाटतो. पण सामान्य गाडीवाल्याला हा हक्क कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम दिलेला नाही, महागाईने दिला. 1939 च्या मोटार वाहन कायद्याला काळजी होती ती रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची. 1 जुलै 1946 पासून सक्ती झाली तीही त्याच्यापुरत्या विम्याची. आपल्या गाडीचा चेपलेला पत्रा हा मालक आणि कंपनी यांच्यातला मामला राहिला. 1968 साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि 20 हजार किंवा त्याहून मोठ्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल बंधनकारक झाला. तेव्हा एवढ्या पैशांत जवळपास नवी गाडी यायची. तरतुदीच्या डोळ्यांसमोर गोदामे आणि कारखाने असणार, बंपर नव्हे. 1973 चे सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण आले, पुढे खासगी कंपन्याही आल्या. आकडा मात्र हलला नाही. सुटे भाग महागत गेले, आणि साध्या धडकेचे बिलही 20 हजारांच्या वर जाऊ लागले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सर्व्हेअरची फी कंपनीच देते, मग तो त्रयस्थ कसला? आक्षेप खोटा नाही. पण मालकाच्या हाती कमी पैसे पडतात ते बहुतेकदा सर्व्हेअरच्या लहरीमुळे नव्हे, घसाऱ्याच्या तक्त्यामुळे. साडेचार वर्षांच्या गाडीचा 8 हजारांचा प्लास्टिक बंपर बदलला तर निम्मेच मिळतात. 10 हजारांच्या पत्र्याच्या बॉनेटवर 35 टक्के कापून साडेसहा हजार. पुढची काच मात्र पूर्ण. वरून सक्तीची वजावट आहेच. ‘झीरो डेप’ ही घसारामाफीची पुरवणी घेतलेल्याची यातली बरीचशी कापाकापी टळते. सर्व्हेअरची नजर खरी लागते ती एकाच प्रश्नाला: भाग ठोकून सरळ होईल की बदलावाच लागेल? तिथेही शेवटचा शब्द त्याचा नाही. त्याचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली एका ट्रकच्याच दाव्यात सांगितले आहे.

2020 साली मोटारीसाठी सर्व्हेअरच्या सक्तीची ही 20 हजारांची मर्यादा 50 हजार झाली. त्याखालच्या दाव्यांत आता मोबाइलवरच्या फोटोंवरही काम भागते. मुरबाडच्या आतल्या गावातल्या माणसाचे त्यात दोन-तीन हेलपाटे वाचतात, हे मान्यच. पण फोटोत बॉनेट दिसते, चॅसीचा वाक दिसत नाही. तो गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर सापडतो, आणि पुन्हा पाहणी मागायची तर ती काढलेले भाग भंगारात जाण्याआधी मागावी लागते.