भांदकची माती, भद्रावतीचे चाक

नागपूर-चंद्रपूर मार्गावर चंद्रपूरच्या अलीकडे सुमारे २५ किलोमीटरवर भद्रावती लागते. रेल्वेच्या फलकावर मात्र अजून 'भांदक' हेच जुने नाव आहे. पश्चिमेला काही मैलांवर वर्धा नदी, भोवती कोळशाच्या खाणी, शेजारी दारूगोळ्याचा कारखाना. अशा गावी शनिवार-रविवार घालवायला जावे, असे सुचविले तर आमचे पुष्कळ वाचक भुवया उंचावतील. तरीही आम्ही तो आग्रह धरतो.

गावाचे वय मोठे आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट येथे सापडला. सूर्यमंदिराला दिलेल्या दानाचा तो लेख आहे. विजासन टेकडीत बौद्धांची कोरीव लेणी आहेत. एक दालन सरळ डोंगराच्या पोटात शिरते आणि त्याच्या टोकाशी बसलेली बुद्धमूर्ती अंधाराला डोळे सरावले की हळूहळू दिसू लागते. गावात भद्रनागाचे देऊळ आहे. पार्श्वनाथाचे जैन तीर्थ दूरदूरच्या यात्रेकरूंना ओढते. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम येथे आले व त्यांनी या अवशेषांची नोंद केली. बौद्ध, जैन आणि नागपूजक एकाच गावच्या दगडात शेजारी राहिले, हे आम्हांला ताम्रपटाहून मोलाचे वाटते.

परंतु आमचा पाय अधिक रेंगाळला तो ग्रामोदय संघाच्या आवारात. गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ही संस्था उभी केली. वर्धा जवळच, तेथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला होता व कुमारप्पांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यासाठी झटत होता. त्या विचाराची ऊब येथल्या भट्टीला लागली. कुंभाराचा माठ साध्या आव्यात भाजतो. त्याला पाझर असतो, म्हणून तर पाणी गार राहते. मात्र लोणच्याच्या बरणीला पाझर चालत नाही. तिला निवडलेली माती, काचेसारखी झिलई आणि सुमारे १२०० अंशांची आंच लागते. हे शास्त्र खेड्यातल्या कारागिराच्या हाती यावे, एवढाच साधा आणि अवघड हेतू होता. पुढे शहरांतील कलावंतही येथल्या मोठ्या भट्ट्यांच्या ओढीने येऊ लागले आणि माठ-बरण्यांच्या शेजारी शिल्पे भाजली जाऊ लागली. यात आम्हांला काहीही विसंगत वाटत नाही. चाकाला दोन्ही सारखीच.

खरी चिंता निराळी आहे. प्लॅस्टिकच्या डब्याने बरणीची जागा केव्हाच घेतली. खाणीतला महिन्याचा पगार ठरलेला असतो. चाकावरच्या माणसाची मिळकत मात्र पावसाळ्यात चिखलासारखी बसते, कारण ओली भांडी वाळत नाहीत. कोणत्या तोंडाने त्याच्या मुलाला बापाच्या जागी बसायला सांगावे? कलाशाळेतील विद्यार्थी चार आठवडे शिकून जातो, तो नाव कमावतो. कारागीर मात्र तेथेच माती तुडवीत राहतो. त्याची किंमत जत्रेतल्या घासाघिशीत ठरते.

म्हणून जाणाऱ्यांनी सकाळीच लेणी पाहावीत, दुपारी भट्टीकडे वळावे आणि एखादी बरणी घ्यावी. भाव करू नये. घरी नेताना ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळावी. भरण्यापूर्वी रात्रभर पाण्याने भरून ठेवावी, म्हणजे कोठे केसभर चीर असेल तर सकाळी कळते.