क्लेअरमाँटचा वाडा आणि त्याचे उपवन

लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यातील एशर गावाजवळ क्लेअरमाँट नावाचा वाडा एका उंचवट्यावर उभा आहे. जॉन व्हॅनब्रू या नाटककार-वास्तुकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी येथे स्वतःसाठी लहानसे घर बांधले होते. ते पुढे न्यूकॅसलच्या ड्यूकने घेतले. क्लेअर हा त्याचा आधीचा किताब, त्यावरूनच हे नाव पडले. चार्ल्स ब्रिजमनने त्याच्यासाठी तळ्याकाठचा उतार कापून हिरवळीच्या पायऱ्यांचे प्रेक्षागृह घडविले. १७३० च्या दशकात विल्यम केंटने आखीव गोल तळे मोडून त्याला निसर्गासारखी वळणे दिली. इंग्रजांची अभिरुची भूमितीकडून रानाकडे कशी सरकली, ते या एका बागेत दिसते.

१७६९ मध्ये ही मालमत्ता रॉबर्ट क्लाइव्हने विकत घेतली. मराठी वाचक त्याला केवळ प्लासीमुळे ओळखत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तेव्हा इंग्रजांची जमिनीवरील फौज त्याच्या हाताखाली होती. (त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हेही नोंदविले पाहिजे.) पुढच्याच वर्षी प्लासीनंतर त्याला मीर जाफरकडून २,३४,००० पौंड मिळाले, जहागिरीचे उत्पन्न निराळे.

क्लाइव्हने जुने घर पाडले. 'कपॅबिलिटी' ब्राउन आणि त्याचा भावी जावई हेन्री हॉलंड यांनी अधिक उंच, कोरड्या जागी नवा वाडा बांधला. वाडा व उपवन यांवर लाखाहून अधिक पौंड खर्ची पडले. ब्राउनच्या कलेत माणसाचा हात दिसू द्यावयाचा नसतो. हिरवळ, झाडांचे पुंजके, पाणी, सारे जणू आपोआप तेथे आले आहे असे वाटावे. पैसा कोठून आला, तेही अशा देखाव्यात दिसत नाही.

क्लेअरमाँटची खरेदी झाली त्याच सुमारास बंगाल दुष्काळात होरपळू लागला. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या अंदाजानुसार तेथील निदान एकतृतीयांश लोक मेले. तरीही १७७१ ची महसूलवसुली १७६८ पेक्षा अधिक भरली. क्लाइव्ह १७६७ मध्येच मायदेशी परतला होता, हे खरे. परंतु ज्या दिवाणीच्या बळावर ही वसुली झाली ती त्यानेच १७६५ मध्ये मिळविली होती. वाड्याच्या भिंती इतक्या जाड का, तर सैतानाला आत येता येऊ नये म्हणून, अशी कुजबुज सरेच्या खेडुतांत चाले, असे मेकॉलेने क्लाइव्हवरील निबंधात नोंदविले आहे. दंतकथाच ती, पण शेजाऱ्यांचे मत तीतून कळते.

१७७४ मध्ये क्लाइव्ह लंडनच्या घरी मरण पावला; या वाड्याचा उपभोग त्याला जवळजवळ मिळालाच नाही. १८१७ मध्ये राजकन्या शार्लट येथेच बाळंतपणात वारली, आणि १८४८ मध्ये पदच्युत झालेला फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच वाड्याच्या आश्रयास आला. आज तेथे शाळा भरते. तळ्याकाठची बाग १९४९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे; झाडोऱ्यात बुजलेले ब्रिजमनचे प्रेक्षागृह १९७० च्या दशकात पुन्हा मोकळे करण्यात आले.